वर गेलं, एवढंच

रविवारी सकाळी तिला जाग आली ती शीळ ऐकून. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि दादा दाढी करता करता शीळ घालत होता. किती दिवसांनी! ती पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून तशीच पडून राहिली, कारण आपण उठलो, पलंग कुरकुरला, की ते सगळं मोडेल असं तिला वाटलं. सूर जरा चुकत होता. पहिल्यापासूनच चुकायचा. आई म्हणायची, हा शीळ घालतोय की सायकलच्या टायरची हवा सोडतोय? ती स्वतःशीच हसली. मग उठली, किटली ठेवली आणि दाराबाहेरची दुधाची बाटली आणायला अनवाणीच गेली. परत आली तेव्हा घर चिडीचूप होतं. नळाचं टपटपणं तेवढं ऐकू येत होतं. बाटली हातात धरून ती पॅसेजमध्ये उभी राहिली. ओठावरून वस्तरा फिरत असेल, तेव्हा कशी घालणार शीळ, असं तिने मनाशी म्हटलं. पण वस्तऱ्याचाही आवाज नव्हता. दाराच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. बनियनमधली, वाकलेली पाठ, बेसिनच्या कडांवर टेकलेले हात आणि खाली गेलेली मान. ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात आली. बाटली ओट्यावर ठेवली, ती जरा जोरात टेकली, आणि त्याच क्षणी आतून शीळ पुन्हा सुरू झाली. जिथे सुटली होती तिथूनच.

त्यात काय एवढं, ती म्हणाली. म्हणजे मोठ्याने नाही म्हणाली. माणूस थांबतो, दम घेतो, पुन्हा सुरू करतो. पण मोज्यात कुसळ शिरावं आणि ते कुठे टोचतंय हे सापडू नये, तसं काहीतरी चहा गाळताना, अंडी उकडताना, ब्रेडला लोणी लावताना तिला टोचत राहिलं. ऐकणं हा तिचा धंदाच होता. इस्पितळात कानांच्या तपासण्या करायच्या एका खोलीत ती दिवसभर बसायची. काचेपलीकडे, गादीसारख्या भिंतींच्या कोठडीत, कानांवर हेडफोन लावून पेशंट बसायचा. ती बटण दाबायची, त्याला आवाज आला की त्याने बोट वर करायचं. दर आठवड्याला एखादा तरी असा निघायचा की जो ऐकू न येताच बोट वर करी. लबाडी म्हणून नव्हे. समोरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून. अशी माणसं तिला चटकन ओळखू यायची, कारण ती आवाजाकडे कान देत नसत. काचेतून तिच्या हाताकडे बघत असत.

"ठमे, झालं का तुझं?" दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चापूनचोपून भांग पाडलेला, निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. "कॅप्टन ताटकळला असेल. उशिरा गेलो तर उलटी मोजणी पाचाऐवजी शंभरापासून सुरू करेल." ठमी हे तिचं लहानपणापासूनचं नाव. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते तरी ते सुटलं नव्हतं. ती हसली. तो तिच्या हसण्याकडे क्षणभर बघत राहिला आणि मग त्याने टेबलावरचं रॉकेट दोन्ही हातांनी उचललं.

ते रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची एक लांब नळी, हलक्या बाल्सा लाकडाचे तीन पंख आणि टोकाला गुळगुळीत घासलेलं नाक. पांढरं, कमरेला एक लाल पट्टा. गेल्या कित्येक संध्याकाळी दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर ते तयार केलं होतं. पंख तो चिकटवायचा आणि पॉलिशपेपरने घासायचं काम तिचं. डिंकाचा वास घरभर भरायचा, मधेच तो म्हणायचा, "घास, घास, अजून खरखरीत आहे, वारा बोचेल त्याला," आणि ती मान खाली घालून घासत बसायची. आपल्याला रडू येतंय हे त्याला दिसू नये म्हणून. दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर माणसं वर पाठवायची, रविवारी पुठ्ठ्याच्या नळ्या, असं तो स्वतःच म्हणायचा. रॉकेट उडवणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यांत उंच जाणारी रॉकेटं त्याची असत. पण मागच्या वर्षी एका दुपारी, एका बारा मजली इमारतीत, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर तपासता तपासता तो खाली बसला आणि उठलाच नाही. पडला नाही, लागलं नाही, काही नाही. दोन मजल्यांच्या मधल्या त्या काळोखात मांडी घालून बसून राहिला. खालून लोक ओरडले, वरून लोक ओरडले, शेवटी त्याचाच एक सहकारी वरच्या दारातून उतरला तेव्हा तो म्हणाला, "येतो रे, जरा बसलोय." नंतर तो घरीही असाच बसू लागला. वहिनी आधी चिडली, मग घाबरली, मग तिने दूरच्या एका गावी नोकरी धरली. त्याला मनोरुग्णालयात दाखल करायच्या कागदांवर सही करायला ती, धाकटी बहीण, उरली.

सही करताना तिचा हात कापला नव्हता, आणि याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. दर बुधवारी ती भेटायला जायची. लांबच लांब पिवळट हॉल, ओळीने पलंग, खिडक्यांना बारीक जाळी. तो पलंगावर बसलेला असायचा, ती केळी सोलून द्यायची, तो खायचा. एकदा तिने डॉक्टरांना विचारलं, मी काय करू? डॉक्टर घाईत होते. म्हणाले, पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींकडे हळूहळू वळवून बघा. त्या एका वाक्यावर तिने सगळा डोलारा उभा केला. चाचणी म्हणून त्याला रजेवर घरी सोडलं तेव्हा तिने पुढची खोली रिकामी करून त्याला दिली, माळ्यावरून त्याची जुनी खोकी काढली, कॅप्टनला फोन केला. आणि पहिल्यांदा त्याने पुठ्ठ्याची नळी हातात घेऊन डोळ्याला लावली, दुर्बिणीसारखी, आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "दिसलीस," तेव्हा तिने मनाशी ठरवूनच टाकलं की हा बरा होणार. आपल्या इस्पितळात, कामावर, ज्याला त्याला ती सांगत सुटली. काल जेवला नीट. काल हसला. काल स्वतःहून म्हणाला, दुकानातून रॉकेटच्या मोटरी आणायला हव्यात.

क्लबाची जागा पाणी शुद्धीकरण केंद्राच्या मागे होती. भल्यामोठ्या गोल टाक्या, त्यांच्याभोवती तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या अलीकडे नुसतं वाळकं गवत, नजर पोचेल तिथवर. एका बांबूवर जुन्या शर्टाची बाही बांधून वाऱ्याची दिशा बघायची सोय केलेली. त्यांची गाडी थांबली न थांबली तोच कॅप्टन हात पसरून धावत आला. हा गृहस्थ बस डेपोतून निवृत्त झालेला. उलटी मोजणी करण्याचा मान क्लबात कायमचा त्याच्याकडे, म्हणून तो कॅप्टन.

"आला रे आला, लिफ्टमन आला!"

"कॅप्टन, जरा जपून," दादा त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाला. "ओव्हरलोड दाखवतंय. एक माणूस उतरवा."

सगळे खो खो हसले. रॉकेटं अलगद उतरावीत म्हणून क्लबासाठी पॅराशूट शिवून देणाऱ्या पडदेवाल्या काकूंनी तर डोळ्यांना पदरासारखा आपला रुमाल लावला. त्यांचं पडदे शिवायचं दुकान होतं, उरलेल्या रेशमी कापडाची त्या पॅराशूटं करायच्या. त्यांनी दादाच्या हातात एक नवं, नारिंगी पॅराशूट ठेवलं. "तुझ्यासाठीच ठेवलं होतं. किती जणांनी मागितलं, दिलं नाही." दादाने ते उलगडून उन्हात धरलं, म्हणाला, "काकू, याच्याखाली मीच उडी मारली असती," आणि मग एकदम सगळे गप्प झाले. एका क्षणाचीच ती शांतता. दादानेच ती मोडली. "पण वजन कोण पेलणार? कॅप्टनला विचारा." पुन्हा हसू फुटलं. काकूंनी तिला बाजूला घेऊन तिचा दंड दाबला. "अगदी पहिल्यासारखा झालाय गं. तू किती केलंस त्याच्यासाठी." तिला भरून आलं. ऊन अंगावर छान येत होतं, गवताला कोरडा गोडसर वास होता, कुणीतरी सोडलेल्या लहान रॉकेटच्या धुराची रेघ वर आकाशात हळूहळू वाकडी होत होती, आणि तिला वाटलं, हे असंच थांबावं. सकाळचं कुसळ अजून होतं. पण आता ते टोचत नाही असं तिने ठरवलं.

दादा गुडघे टेकून बसला. शोभेच्या दारूची मोटर नळीत सरकवली, वर आगीपासून वाचवणारा कागद चुरगळून कोंबला, पॅराशूटची घडी केली. त्याची बोटं सफाईने चालत होती, कुठे अडखळत नव्हती, आणि ती बाजूला उभी राहून एखाद्या आईने मुलाला पाठ केलेली कविता म्हणताना बघावं तशी ओठ हलवत होती. रॉकेट सळईवर चढवलं, तारा जोडल्या. सगळे मागे सरले. ठिणगी पाडणारी किल्लीची पेटी दादाच्या हातात. कॅप्टनने आभाळ बघितलं, बाही बघितली, छाती भरून हवा घेतली.

"पाच! चार! तीन!"

आणि तेव्हा तिला काय झालं कोण जाणे. सगळ्यांच्या माना वर जायच्या बेतात असताना तिची मान दादाकडे वळली. पुढे कधी कधी तिला वाटायचं, तेवढं एक केलं नसतं तर. सापासारखा फूत्कार झाला, बुडाशी पिवळी ज्योत दिसली असावी, कारण दादाच्या शर्टावर क्षणभर उजेड पडला, आणि माणसांचा एक मोठा "ओऽऽ" वर वर चढत गेला. एवढ्या माणसांत रॉकेटकडे न बघणारी दोनच माणसं होती. ती दादाकडे बघत होती. आणि दादा कॅप्टनच्या तोंडाकडे बघत होता. चेहरा कोरा. रागावलेला नाही, दुःखी नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढल्यावर बाहेरून दिसतं तसा. कॅप्टनचं तोंड "वा!" म्हणून उघडलं, आणि निमिषभर मागून दादाचंही उघडलं. कॅप्टनचे हात वर गेले, मग दादाचे. त्यानंतर त्याने मान वर केली, बरोबर त्या दिशेला, आणि ओरडला, "अरे, गेलं की!"

हे तिच्या कामावरच्या बघण्यातलं होतं. काचेपलीकडचं ते बोट. वर पटकन एक बारीक आवाज झाला, नारिंगी ठिपका उमलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. वाऱ्याने पॅराशूट टाक्यांच्या बाजूला ओढत नेलं.

"मी आणतो," दादा म्हणाला.

"मीही येते."

गवत कमरेएवढं होतं. तो पुढे, ती मागे. मागचे आवाज कमी होत होत नुसती कुजबुज उरली आणि मग तीही गेली, फक्त गवताचं सळसळणं आणि लांबून टाक्यांत फिरणाऱ्या पाण्याचा एकसुरी आवाज. दादाचे खांदे चालता चालता खाली आले. ते तिने स्पष्ट पाहिलं. जड पिशवी वाहून आणणाऱ्या माणसाने जिन्याच्या वळणावर कुणी नाही बघून ती खाली ठेवावी, तसे.

"दादा, बरं वाटलं का रे?"

"झकास गेलं. सरळ रेषेत."

"ते नाही विचारत मी."

तो चालत राहिला. मग न वळता म्हणाला, "ठमे, तुला खरं सांगू, की चालेल असं सांगू?"

तिच्या जिभेवर आलं होतं, चालेल असं सांग. "खरं," ती म्हणाली.

"काही होत नाही गं." अगदी साध्या आवाजात. हवामान सांगावं तसं. "रॉकेट वर गेलं. वर गेलं, एवढंच. पंखा फिरतो, बस जाते, तसं ते गेलं. पूर्वी इथे," त्याने छातीवर तळहात ठेवला, "इथे काहीतरी सोबत जायचं. आता तिथे कुणी राहत नाही."

"पण घरी करताना? तू किती मन लावून—"

"तू खूश व्हायचीस."

"म्हणजे?"

"तू खूश झालीस की मग मला थोडा वेळ शांत बसू द्यायचीस. एक पंख चिकटवला की एक संध्याकाळ भागायची."

ती थांबली. गवताचं एक पातं तिने मुठीत धरलं आणि ओढलं. ते तुटलं नाही, हात मात्र चिरला. टेबलावरचा दिवा, डिंकाचा वास, "घास, घास, अजून खरखरीत आहे", त्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक तिच्यासमोरून गेल्या आणि प्रत्येकीतला दादा आता तिला दोन दिसायला लागला. एक हसणारा आणि एक त्या हसणाऱ्याला मागून दोन्ही हातांनी उभा धरणारा. आणि ती स्वतः मात्र एकच होती, समोर बसून पॉलिशपेपरने घासणारी, आनंदाने रडणारी. तिला भयंकर राग आला.

"मग सांगायचं नाहीस मला? मी गाढवासारखी सगळीकडे सांगत फिरले!"

"सांगितलं असतं तर तू दुसरं काहीतरी आणलं असतंस. बाजाची पेटी आणली असतीस नाहीतर मासे." तो किंचित हसला. हे मात्र खरं हसू होतं, आणि म्हणूनच ते बघवेना. "मासे मेले असते ठमे, आणि मग तू आणखी रडली असतीस."

"सकाळी शीळ—"

"ऐकलीस ना? छान झाली होती?"

तो आता वळून तिच्या समोर उभा राहिला. उन्हात त्याच्या गालावर वस्तऱ्याने कापल्याची बारीक लाल रेघ दिसत होती. "मी दमलोय गं," तो म्हणाला. "आजारापेक्षा बरं असण्यानेच जास्त दमलोय. मला तिकडे परत सोड. आजच सोड."

"तिकडे? त्या हॉलमध्ये? काय आहे तिथे?"

"तिथे कुणी बघत नाही माझ्याकडे." मग त्याने थोडा विचार केला. "म्हणजे बघतात. सिस्टर बघतात, डॉक्टर बघतात. पण वाट बघत नाहीत."

"मी काय कमी केलं रे तुझ्यासाठी?" हे वाक्य तोंडातून निघालं आणि तिला कळलं की ते आईचं आहे. आई बाबांना हेच म्हणायची, याच सुरात, पदार्थ करपल्यासारखा आवाज करून.

"कमी नाही केलंस," दादा म्हणाला. "तेच तर."

तिच्या मनात एक भीती उभी राहिली. ती विचारायची कशी ते तिला कळेना, आणि न विचारून चालणारही नव्हतं. "दादा, तू काही… स्वतःला काही…"

"म्हणूनच म्हणतोय, तिकडे सोड," तो शांतपणे म्हणाला. "ते लोक ते बघून घेतात. तुला झोप न घेता माझ्या दाराबाहेर बसायला लागायला नको."

रॉकेट कुंपणाच्या तारेला लटकलेलं सापडलं. पॅराशूटची एक दोरी अडकली होती, बाकी एक ओरखडाही नव्हता. दादाने हळुवार हातांनी ते सोडवलं, पंख तपासले, फुंकर मारून गवताचा कचरा उडवला. सवय हातांत राहते, तिला वाटलं, माणूस निघून गेला तरी हात कामावर येत राहतात. परत येताना ती त्याच्या बाजूने चालली, म्हणून तिला ते दिसलं. लांबून माणसं दिसायला लागली, कुणीतरी हात हलवला, आणि दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू चढ सुरू झाला. आधी भुवया, मग गाल, मग ओठांचे कोपरे. गवत संपलं तेव्हा हसू पूर्ण झालेलं होतं. त्याने रॉकेट डोक्यावर उंच धरलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजचं सगळ्यांत उंच!" कॅप्टन ओरडला. "पुढच्या महिन्यात दोन टप्प्यांचं करायचं. आतापासून सांगून ठेवतो, नाही म्हणायचं नाही."

"नाही कसं म्हणेन? काकू, पॅराशूट डबल लागतील."

त्याने अंडी खाल्ली, ब्रेड खाल्ला. दुसऱ्यांच्या रॉकेटांना टाळ्या वाजवल्या. एकाचं रॉकेट वाकडं गेलं तेव्हा त्याच्या पंखांचा कोन कुठे चुकला हे समजावून सांगितलं. ती थर्मासमधला चहा ओतत राहिली. तिला आता प्रत्येक गोष्ट त्याच्यासोबत उचलावी लागत होती. तो हसला की तिच्या गालांत कळ यायची, तो "वा" म्हणाला की तिला धाप लागायची. एवढं वजन हा रोज सकाळपासून झोपेपर्यंत, माझ्या घरात, माझ्यासमोर! आणि तरीही, चहा ओतता ओतता, तिचं मन तिच्या नकळत कामाला लागलंच होतं. वेगळं औषध असेल. वेगळा डॉक्टर असेल. लहानशी काचेची पेटी, त्यात निळे मासे, त्यांना काही लागत नाही, नुसतं बघत बसायचं. ती दचकली. कपातून चहा उतू गेला होता आणि काकू तिच्या हातावर रुमाल दाबत होत्या.

परतताना गाडी तीच चालवत होती. मोठ्या चौकात डावीकडे घर होतं, उजवीकडे रुग्णालय. दिवा लाल होता. तिने त्याच्याकडे बघितलं. तो झोपला होता. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. घरी त्याला अशी झोप लागलेली तिने कधी पाहिली नव्हती. घरी तो झोपायचाही नीटनेटका, दार उघडलं तर बरं दिसेल असा. दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. तिने उजवीकडे गाडी घेतली.

वॉर्डच्या दाराशी ओळखीच्या सिस्टर होत्या, जाडजूड, केसांत पेन खोचलेल्या. दादाने कुणी सांगायच्या आत पट्टा काढून दिला, बुटांच्या नाड्या ओढून काढल्या, खिशातला कंगवा, किल्ल्या, घड्याळ. ट्रेमध्ये एकेक वस्तू ठेवताना त्याचा चेहरा खाली खाली उतरत गेला, आणि शेवटी जो उरला तो म्हातारा, थकलेला, कसलाही प्रयत्न नसलेला असा होता. तो तिच्या ओळखीचा नव्हता. की होता? लहानपणी तापात पडला की तो असा दिसायचा. "तू काहीतरी खाऊन घे," तो तिला म्हणाला आणि आत गेला. नाड्या नसलेले बूट फरशीवर फटक फटक वाजत लांब गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याला बघावं लागत नव्हतं.

"ड्यूटीचे डॉक्टर आता येऊन तपासतील," सिस्टर म्हणाल्या. "इथे सही."

"घरी सगळं चांगलं होतं हो," ती म्हणाली. आपण खुलासा करतोय हे तिला ऐकू येत होतं. "जेवत होता, बोलत होता. आज एकदम अचानकच—"

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात कीव नव्हती, उलट जरासा संकोच होता. "अचानक नाही, ताई. घरी निघताना मला म्हणाले होते. म्हणाले, बहिणीचं मन मोडवत नाही, जाऊन येतो."

जाऊन येतो. घरातून बाहेर पडताना माणूस म्हणतो तसं. म्हणजे त्याचं घर कुठलं, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं, आणि तिची पुढची खोली, नव्या चादरी, जेवणाचं टेबल हे सगळं बाहेर होतं. पाहुण्यासारखा आला, यजमानीण खूश राहील असं वागला, आणि वेळ झाल्यावर गेला. तिने सही केली. या वेळी हात कापला की नाही याकडे तिने लक्ष दिलं नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. गाडीत बसून तिने काच खाली केली, पण किल्ली फिरवली नाही. आवारात एक माणूस पाइपने झाडांना पाणी घालत होता. दूर वरच्या मजल्यावर ओळीने जाळीच्या खिडक्या होत्या आणि त्यातली कुठली त्याची हे तिला ठाऊक होतं, पण तिने वर बघायचं टाळलं. आता कुणी वाट बघायची नाही. तिने तसा प्रयत्न करून पाहिला. श्वास रोखून धरावा तसं ते होतं. जमतंय असं वाटेपर्यंत जमतं. उद्या सकाळी ती उठेल, एकटीपुरता चहा ठेवेल, आणि त्याआधीच मन कुठेतरी बुधवारची केळी मोजायला लागलं असेल.

फोन वाजला. कॅप्टन होता. मागून भांड्यांचा आवाज येत होता, त्याचा आवाज अजूनही मैदानातल्यासारखाच मोठा.

"काय गं, पोचलात का? आज काय खुलला होता तुझा दादा! मी बायकोला मघापासून तेच सांगतोय. मी म्हटलं नव्हतं तुला? मैदानावर एकदा आण, बाकी आपोआप होईल."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही म्हटलं होतं."

"दे बघू त्याला. दोन टप्प्यांचं डिझाइन माझ्या डोक्यात आलंय."

"झोपलाय तो. दमला ना आज खूप."

"दमणारच. चांगलं दमणं आहे ते. खूश आहे ना?"

"खूप," ती म्हणाली, आणि जिथे हसायला हवं होतं तिथे बरोबर हसली. "येताना सारखं तेच बोलत होता. पुढच्या महिन्याचं."

"मग नक्की ना?"

"नक्की. येऊ ना आम्ही."

कॅप्टनने समाधानाने फोन ठेवला. पाणी घालणारा माणूस जाता जाता तिच्याकडे बघून हसला, बहुधा तिच्या चेहऱ्याला उत्तर म्हणून. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचं हसू अजून तोंडावर तसंच आहे. ते खाली उतरायला बराच वेळ लागला.